दोन नकाशांच्या शिवेवरचा ओढा

त्याला मी 'दादा' म्हणायचे. आता घरात त्याचा विषय निघाला की मी "तो तुझा मित्र" म्हणते, आणि नवरा म्हणतो, "माझा कसला? तुझाच तो."

पुण्यात तो माझ्याच कॉलेजात होता, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षं पुढे. दोघंही भूगोलाचे. पण तिथे आमची ओळख नव्हती. नवऱ्याला तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी लागली म्हणून मी सिंगापूरला आले, मुलगी लहान होती म्हणून काही वर्षं वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये बसून काढली, आणि मग मंडळाच्या गणपतीत हा भेटला. प्रसादाच्या रांगेत कॉलेजचं नाव निघालं. "नकाशांचं काम येतं ना तुला? मग घरात काय करतेस?" त्याने ऑफिसात शब्द टाकला, मला नोकरी मिळाली, माझ्या स्वतःच्या नावावर इथे काम करायचा पास मिळाला. हे मी कधीच नाकारलं नाही. त्यानेही ते मला कधी विसरू दिलं नाही. चार लोकांत ओळख करून देताना माझं नाव सांगायच्या आधी तो "हिला मी आणलं" हे सांगायचा.

ऑफिस क्वीन्सटाउनच्या बाजूला, एका बिझनेस पार्कात. काम जुन्या नकाशांचं. कागदावरचा नकाशा स्कॅन होऊन यायचा. तो आजच्या उपग्रहाच्या चित्रावर कोपऱ्याला कोपरा जुळवून बसवायचा, आणि मग त्यातली एकेक रेघ गिरवून घ्यायची: रस्ते काळ्यात, चढउतार तपकिरी, पाणी निळं. बाहेर अंगाची लाही होत असायची आणि आत एसीमुळे मी स्वेटर घालून अमेरिकेतला कोरडा माळ गिरवत असायचे. तो माळ मी कधी पाहिलेला नाही, पाहणारही नाही. पण तिथल्या पवनचक्क्या कुठे आहेत, गुरांचे कोंडवाडे कुठे, कोणत्या कुरणाचं कुंपण कुठे मोडतं, हे मला अजून तोंडपाठ आहे.

ते माळाचं काम आलं तेव्हा दादा, मूळचा ठाण्याचा माणूस, पहिल्याच बैठकीनंतर मला म्हणाला, "खाडीचं काम आहे गं." मी नकाशा बघितला. चारशे मैल समुद्र नाही आणि म्हणे खाडी. इंग्रजी शब्द एकच, 'क्रीक', ठाण्यात त्याची खाडी होते. इथे तो चक्क ओढा होता. आमच्या माणदेशात असतात तसा. वर्षातले दहा महिने वाळू, आणि उरलेल्या दोन महिन्यांत चार दिवस पाणी. मी हसून म्हणाले, "दादा, हा ओढा आहे." त्यालाही तेव्हा हसू आलं होतं.

माझे वडील मोजणीदार होते. भूमी अभिलेख खात्यात सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या हद्दी दाखवण्यात घालवली. मोजणीदाराला लोक चहा विचारतात तो दोन्हीकडून, आणि दोन्हीकडचा नाकारावा लागतो. घरी आले की पायावरची धूळ धुता धुता ते सांगायचे, आज कोण काठी घेऊन धावला, कोणाच्या बायकोने शिव्या घातल्या. तक्रार करायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "कागदावर आहे ते दाखवलं. मला काय, माझं शेत थोडंच आहे."

तर हे काम. माळावर दोन मोठी रँच होती, म्हणजे गुरं चरायची कुरणं, मैलोन् मैल. एकच ओढा आधी वरच्या रँचमधून आणि मग खालच्या रँचमधून जायचा. वरच्याने मातीचा बंधारा घातला, खालचा कोर्टात गेला. खालच्याचं म्हणणं, हा ओढा पूर्वापार बारमाही वाहत होता, तुम्ही आमचं पाणी तोडलं. आमचा क्लायंट म्हणजे या खालच्याचे वकील. जुन्या नकाशांवर ओढा कसा दाखवलाय ते आम्ही गिरवून द्यायचं.

नकाशावर बारमाही ओढा अखंड निळ्या रेघेने दाखवतात. जो कधी वाहतो, कधी नाही, तो तुटक: एक रेघ, तीन ठिपके, परत रेघ. गोम अशी होती की दोन रँचची शीव आणि दोन नकाशांची शीव जवळजवळ एकाच जागी पडत होती. वरच्या नकाशावर ओढा अखंड होता. खालचा नकाशा सुरू झाला की तोच ओढा तुटक. दोन्ही नकाशे वेगवेगळ्या वर्षी मोजलेले, समासात तसं छापलेलंही होतं. मी होतं तसं गिरवलं. वर अखंड, खाली तुटक, आणि शिवेवर एक टीप लिहिली.

दोन दिवसांनी दादा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला; मी गिरवलेलं तोच तपासायचा.

"ही तुटक का ठेवलीस?"

"नकाशात तुटक आहे."

"वरच्यात अखंड आहे. ओढा काय कागदाच्या कडेला येऊन थांबतो?"

"वर्षं वेगळी आहेत दादा. टीप लिहिलीय मी."

"टीप कोण वाचतं? अगं, पाणी आहे ते. वरून आलं की खाली जाणारच. जोडून टाक. क्लायंटला सलग रेघ हवीय."

"क्लायंटला हवीय म्हणून नकाशात कशी येईल?"

तो आवाज चढवून, आजूबाजूच्या चार लोकांना सूर कळावा इतपत हसत म्हणाला, "वडिलांची मोजणी आता गावाला सोडा मॅडम. हे सिंगापूर आहे. इथे काम पूर्ण करून देतात."

माझ्या वडिलांबद्दल त्याला मीच सांगितलं होतं. एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो होतो तेव्हा, कौतुकाने.

मी म्हणाले, "मी बदलणार नाही. तुम्हाला बदलायचं असेल तर तुम्ही बदला."

'तुम्ही' ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघायला आवडलं. ते मी कबूल करते. त्या दिवसानंतर मी त्याला दादाही म्हटलं नाही आणि तूही म्हटलं नाही. ऑफिसात मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्यामुळे हा अपमान फक्त त्यालाच कळत होता आणि तो त्याला रोज कळावा याची मी काळजी घेत होते. तोही कमी नव्हता. माझ्या रजेचे अर्ज त्याच्याकडे पडून राहायला लागले. माझ्या पासचं नूतनीकरण जवळ आलं होतं; एकदा पँट्रीत कॉफी ढवळत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पासचे कागद माझ्या सहीने जातात, माहितीये ना?" मी म्हणाले, "सही येते ना तुम्हाला?" अशा थराला आम्ही गेलो होतो. पुण्यातली दोन शिकलेली माणसं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मलय बाई बसायची. चढउताराच्या तपकिरी रेषा तिच्याकडे होत्या. ती कंत्राटावर होती, माझ्यासारखी कायम नव्हती. तीही वुडलँड्सची, माझ्यापासून तीन ब्लॉक पलीकडे राहायची. संध्याकाळी आम्ही एकाच एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, परत जायचो, जुराँग ईस्टला गाडी बदलून. आमची मैत्री त्या तासाभराचीच, पण रोजची होती. ती सासूबद्दल बोलायची, मी या माणसाबद्दल. तिला तो आवडत नसे, तरी ती म्हणायची, "तुम्ही दोघं एका गावचे ना? मग का भांडता?"

एका गुरुवारी मला अंतिम फोल्डरमधून एक फाइल हवी होती. उघडली आणि ओढा समोर आला. वरपासून खालपर्यंत एक सलग निळी रेघ. शिवेवरची माझी टीप काढलेली. आणि खालच्या नोंदीत, रेघ काढणारी: माझं नाव. तपासणारा: त्याचं.

काम सोमवारी संध्याकाळी जाणार होतं. उठून डायरेक्टरबाईंच्या केबिनपर्यंत जायला वीस पावलं लागली असती. बाई चिनी, सिंगापूरच्याच, कडक पण ऐकून घेणाऱ्या. मी गेले असते तर दहा मिनिटांत ते सरळ झालं असतं. त्याला बोलणी बसली असती, आणि आठवड्याभरात सगळे विसरले असते.

आणि तेच मला नको होतं. मी माझ्या जुन्या फाइलची एक प्रत वेगळी काढून ठेवली, फोल्डर बंद केलं आणि गप्प बसले. हे तिऱ्हाइतांसमोर उघडं पडावं, त्याला तोंड लपवायला जागा राहू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या संध्याकाळी गाडीत शेजारची सांगत होती की हे काम नीट पार पडलं तर पुढचा टप्पाही आपल्याकडेच येणार आहे, तिचं कंत्राट आणखी वर्षभर वाढेल. मी मान हलवली. शुक्रवारीही गप्प. शनिवार-रविवार घर आवरलं. सोमवारी काम गेलं.

दहा दिवसांनी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल ठरला. तिकडे संध्याकाळ. दोन्ही बाजूंनी नकाशा एकदा मिळून बघायचा, मान्य असेल ते मान्य करायचं, असं होतं. आमच्याकडून डायरेक्टरबाई, तो, आणि मी. तिकडून आमचे वकील, आणि वरच्या रँचच्या बाजूने नकाशांची जाणकार म्हणून एक म्हातारी बाई. पांढरे केस, मागे पुस्तकांचं कपाट, समोर कागदी नकाशा पसरलेला. माझ्या जन्माआधीपासून ती हे काम करत असणार.

तिने अर्धा तास किरकोळ गोष्टी विचारल्या. मग चष्मा वर करून म्हणाली, "माझ्यासमोरच्या कागदावर हा ओढा खालच्या भागात तुटक आहे. तुमच्या फाइलमध्ये अखंड आहे. ही रेघ कोणी काढली?"

तो क्षणभरही थांबला नाही. "माझ्या सहकारिणीने," तो म्हणाला, आणि लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी तयारच होते. मी सांगितलं की मी काढलेली रेघ ही नाही. माझी फाइल उघडून दाखवली: वर अखंड, खाली तुटक, शिवेवरची टीप. मग मूळ नकाशा. "ही रेघ नंतर बदलली गेली. मी नाही बदलली." नाव घ्यायची गरज नव्हती, तपासणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोरच होतं. मी त्याच्याकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि तो टेबलावरचं पेन सरळ करत होता.

म्हातारी म्हणाली, "मला वाटतं दोन्ही नकाशे खरे असावेत. वर खडक आहे, तिथे पाणी दिसतं. खाली वाळू लागते, ती पाणी पिऊन टाकते. अशा माळावर ओढा वाहता वाहता हरवतो." ती हे मलाच सांगत होती, शिकवल्यासारखं. पण मी त्यात नव्हतेच. मी त्याच्या कानांकडे बघत होते. आमचे वकील म्हणाले की ते आमच्याशी नंतर बोलतील, आणि निघून गेले.

कॉल बंद झाला तसा तो मराठीत सुटला. "खाल्ल्या मिठाला तरी जागायचं. तुला इथे आणलं कोणी?"

"मीठ कंपनीचं होतं. तुमचं नव्हतं."

"घरात बसली होतीस! तुला विचारत नव्हतं कुणी!"

"आणि तुम्ही खाडी शोधत होतात माळावर!"

"इंग्लिश, प्लीज," डायरेक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्याला बाहेर जायला सांगितलं. मला वाटलं, आता माझी पाठ थोपटतील. त्यांनी मी काढून ठेवलेल्या प्रतीची फाइल आपल्याकडे मागवली आणि पडद्याकडे बघत विचारलं, "ही प्रत तू गुरुवारी काढलीस. काम सोमवारी गेलं. मधल्या दिवसांत तू काय करत होतीस?"

बाईंनी फाइल बंद केली आणि "जा" म्हणाल्या.

पुढे झालं ते असं. पुढचा टप्पा क्लायंटने दुसऱ्यांना दिला. त्याचा तपासणीचा अधिकार काढून घेतला, पण नोकरी राहिली. तो आता पर्मनंट रेसिडेंट आहे, मोठं काम त्याच्या हातून झालेलं आहे, असल्या माणसांना कोणी एकदम काढत नाही. मला ताकीद देणारं पत्र मिळालं. पासचे कागद बाईंनी स्वतःच्या सहीने पाठवले. आणि शेजारच्या बाईचं कंत्राट महिनाअखेर संपलं, ते वाढवलं नाही.

त्याच सुमारास त्याच्या बायकोचा फोन आला. मी तिला वहिनी म्हणायचे, तिच्या हातचं कितीदा जेवले होते. "अगं, त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंस," ती रडत म्हणाली. मी म्हणाले, "वहिनी, पाणी त्यांनीच फिरवलं, तेही नसलेलं," आणि पुढे असं बरंच काही बोलले जे तिला बोलायचं काही कारण नव्हतं. फोन ठेवला तेव्हा मुलगी दारात वही घेऊन उभी होती. "मम्मा, सो फिअर्स लाह," ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, म्हणजे किती तापतेस, आणि आत गेली. नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. जेवताना एवढंच बोलला, "तू खरी होतीस. पण त्याला बुडवायचं म्हणून होडी बुडू दिलीस. तिच्यात बाकीचेही बसले होते." मी ताट उचलून बेसिनपाशी गेले.

शेजारच्या बाईच्या शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या बरोबर निघालो. जुराँग ईस्टला गाडी बदलली, जागा मिळाली, बसलो. मग तिने विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं असं ऑफिसात म्हणतात. खरं का?"

"हो."

"म्हणजे मी त्या दिवशी गाडीत माझ्या कंत्राटाचं सांगत होते, तेव्हा?"

"हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून फोन काढला आणि पूर्ण रस्ताभर त्यात बघत राहिली. वुडलँड्सला उतरून ती पुढे चालायला लागली. रोज आम्ही बाजारापर्यंत बरोबर जायचो.

आता या गोष्टीला दीड वर्ष होत आलं. तो माझ्यासमोरच्याच रांगेत बसतो. आम्ही एकमेकांना मेल लिहितो, दहा फुटांवरून, इंग्रजीत, सुरुवातीला 'डिअर' घालून. गेल्या गणपतीत आरतीला तो पुढे उभा होता म्हणून मी मागच्या दारापाशी उभी राहिले, आणि प्रसाद न घेता निघाले. लोक म्हणतात मिटवून टाका. मला मिटवायचं नाही. त्याने माझ्या नावाखाली खोटी रेघ काढली, माझ्या वडिलांवरून चार लोकांत हसला, आणि त्याबद्दल आजतागायत एक शब्द बोललेला नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते तसंच राहू दे. त्याची मला लाज वाटत नाही.

लाज दुसऱ्या गोष्टीची वाटते, आणि ती मला गेल्या महिन्यात एका रविवारी परत भेटली. वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, मुलीला घेऊन जेवायला गेले होते. गर्दी होती. हातात ट्रे घेऊन जागा शोधत असताना एका टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या, जवळ गेले तर समोर ती. बरोबर तिची सासू. माघारी फिरायला उशीर झाला होता.

"बसू का?" मी विचारलं.

तिने सासूला मलयमध्ये काहीतरी सांगितलं. मग मला म्हणाली, "बस. खुर्च्या काय माझ्या नाहीत."

आम्ही बसलो. तिने सांगितलं की ती आता तुआसला एका गोदामाच्या ऑफिसात आहे, जायला-यायला दोन-अडीच तास मोडतात. नकाशांचं काम नाही, मालाच्या याद्या करायच्या. मी म्हणाले, "आमच्याकडे परत जागा निघतेय. मी बाईंशी बोलू का?"

"नको."

"मी चुकले. तुझ्याशी चुकले."

तिने माझ्याकडे सरळ बघितलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "कामाचं काय, काम मिळतं," ती म्हणाली. "तू रोज माझ्या शेजारी बसत होतीस. मी तुला सगळं सांगत होते. आता मी गाडीत कोणाशी बोलत नाही."

सासूला मराठी तर नाहीच, इंग्रजीही फार कळत नसावं. तिने आपल्या ताटातलं तळलेलं केळं उचलून माझ्या मुलीपुढे ठेवलं. मुलीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिने खाल्लं. त्यांचं जेवण आधीच होत आलं होतं. शेजारीण उठली, सासूला हात देऊन उठवलं, दोघींचे ट्रे एकावर एक ठेवले आणि परत द्यायच्या जागी नेऊन ठेवायला गेली. मुलीने विचारलं, "मम्मा, हू इज शी?"

"माझ्या ऑफिसात होती," मी म्हणाले. "चढउतार फार सुरेख काढायची."